शब्दांची संगत

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



पत्रिकेवर आजचा विषय ‘प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह’ असा छापला आहे. तो वाचून बरीच तरुण मुलं-मुली वह्या घेऊन पुढच्या रांगांत बसलेली दिसतात. त्यांची थोडी निराशा होईल, कारण मी शब्दांची यादी आणलेली नाही. याद्या तुमच्याकडे आहेतच. पुण्यात अप्पा बळवंत चौकात उभं राहिलं की हात लांब करावा तिथे त्या मिळतात. त्या पाठ करूनही शब्द वेळेला जिभेवर का येत नाहीत, याबद्दल मला बोलायचं आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत ते गुरुजी आयुष्यभर इंग्रजी शिकवत होते, तेव्हा त्यांच्या व्याख्यानमालेत हा विषय परका वाटू नये.

मे २०१७ मध्ये शशी थरूर यांनी स्वतःवरच्या आरोपांना ट्विटरवर उत्तर देताना ‘फरागो’ हा शब्द वापरला आणि देशभर लोक कोश उघडून बसले. ऑक्सफर्डच्या ऑनलाइन कोशात त्या एका शब्दाचा शोध अचानक वाढला. लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ गुरांसाठी मिसळलेला चारा. आपल्याकडच्या आंबोणाच्या जवळपास जाणारा. त्या आठवड्यात तो शब्द लाखोंनी ‘शिकला’. आज त्यांतल्या किती जणांना तो एका वाक्यात सहज घालता येईल? थरूर यांना मात्र तो येतो, आणि त्याचं कारण ते स्वतः अनेकदा सांगतात. लहानपणी दमा होता, अंथरुणावर पडून पुस्तकांमागून पुस्तकं वाचली. कोश पाठ करून ते इथवर आलेले नाहीत. हे उत्तर ऐकायला लोकांना आवडत नाही, कारण त्यात वेळ लागतो. पण त्या उत्तरामागे बरंच संशोधन उभं आहे आणि त्या संशोधनाची गोष्ट फार सुरस आहे. शिवाय ती बरीचशी आपल्याच खंडात घडलेली आहे.

आधी आकडे पाहू, कारण भीतीचं मूळ आकड्यांत असतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. २० खंड आणि सुमारे २,९१,५०० नोंदी. हा आकडा ऐकला की कोणीही हात टेकेल. पण खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेल्या पदवीधरांना त्यांतले किती शब्द येतात? न्यूझीलंडमधल्या अभ्यासकांनी १९९० साली तिथल्या पदवीधरांची चाचणी घेतली तेव्हा सरासरी १७,००० मूळ शब्दांच्या आसपास आली. त्याच देशातले पॉल नेशन हे शब्दसंग्रहाच्या अभ्यासातलं मोठं नाव. मजकुरातले शंभरांतले ९८ शब्द ओळखीचे असले, म्हणजे पन्नास शब्दांमागे एखादाच अनोळखी असला, तर वाचक कोशावाचून पुढे जाऊ शकतो, असं संशोधनातून दिसलं होतं. ते गृहीत धरून नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला: कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ हे सगळे मिळून एक.

तीन लाख कुठे आणि नऊ हजार कुठे! खरी मेख मात्र पुढे आहे. आपला विद्यार्थी शाळेतून बाहेर पडतो तेव्हा दीड-दोन हजार नेहमीचे शब्द त्याच्याजवळ असतात. मग तो एखाद्या परीक्षेची यादी घेऊन थेट टोकाला उडी मारतो. ‘पल्क्रिट्यूड’ म्हणजे सौंदर्य हे त्याला ठाऊक असतं. पण ‘सब्सिक्वेंट’, ‘कन्स्ट्रेंट’, ‘अझ्यूम’, ‘प्रिझ्यूम’ या शब्दांपाशी तो चाचपडतो. मधली सहा-सात हजारांची पेठ त्याने पाहिलेलीच नसते. अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली वेगवेगळ्या विद्याशाखांतला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून ५७० शब्दकुटुंबांची यादी केली. विद्यापीठीय पुस्तकांतला साधारण दहावा हिस्सा त्या ५७० कुटुंबांनी व्यापलेला असतो. मराठी माध्यमातून अभियांत्रिकीला किंवा कायद्याला गेलेल्या मुलाला पहिल्या वर्षी जो घाम फुटतो, तो या शब्दांमुळे. दिसायला ते साधे असतात, अवघड शब्दांच्या यादीत त्यांना कोणी घेत नाही आणि वर्गात प्राध्यापक ते गृहीत धरतात. माझ्या मते आपल्याकडे ‘प्रगत’ या विशेषणाचा अर्थ ‘दुर्मीळ’ असा लावला गेला आणि तिथून सगळी गाडी घसरली.

आता ती गोष्ट. मायकेल वेस्ट हे इंडियन एज्युकेशन सर्व्हिसमधले अधिकारी, ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य. १९२६ साली त्यांनी बंगालमधल्या द्विभाषिकतेवर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की बहुतेक मुलं तीन-चार वर्षं इंग्रजी शिकून शाळा सोडतात आणि हाती काही उरत नाही. इथे त्यांनी विम्याच्या व्यवहारातली एक कल्पना उचलली: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच सोडली तर भरलेल्या हप्त्यांपोटी काय परत मिळतं? इंग्रजी मध्येच सोडणाऱ्या बंगाली मुलाला काय परत मिळतं? एलआयसीचे हप्ते भरणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजही कोणत्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत विचारून पाहावा. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, हप्ते वाढले. परतावा किती वाढला हे इथल्या शिक्षकांनीच सांगावं.

वेस्ट यांनी तेव्हाची वाचनमाला तपासली. तिच्यात ‘आयल’, ‘एअर’, ‘नॉट’ असे जुने काव्यमय शब्द पहिल्या पायरीवरच बसलेले होते. बेट, आधी, काहीच नाही या अर्थांचे हे इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यातून केव्हाच उठून गेले होते. वेस्ट यांनी ते काढून रोजचे शब्द घातले, नव्या शब्दांची गर्दी कमी केली आणि प्रत्येक नवा शब्द पुन्हा पुन्हा भेटेल अशी तजवीज केली. १९३५ साली त्यांनी जेम्स एंडिकॉट यांच्यासह एक छोटा कोश काढला. त्यात २४,००० नोंदींचे अर्थ फक्त १,४९० शब्दांत सांगितले होते. आज ही गोष्ट साधी वाटते, पण तिचं महत्त्व समजण्यासाठी सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशाकडे बघावं. त्यात ‘नेटवर्क’ या शब्दाची व्याख्या मूळ शब्दाहून कितीतरी अवघड आहे आणि तिच्यावर इंग्रज लोक अजून हसतात. ज्याला शब्द आधीच येतो त्याच्यासाठी तो कोश होता. वेस्टने येत नसलेल्यासाठी कोश केला. १९५३ साली त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली आणि पुढची कित्येक दशकं जगभरची पाठ्यपुस्तकं तिच्यावर उभी राहिली.

त्याच सुमारास जपानमध्ये हॅरॉल्ड पामर हे इंग्रज गृहस्थ इंग्रजी अध्यापनाच्या संशोधन संस्थेत काम करत होते. १९२३ साली टोकियोत ती संस्था निघाली. पामर यांच्या लक्षात आलं की जपानी विद्यार्थ्यांना सुटे शब्द येतात, पण कोणता शब्द कोणाबरोबर जातो हे समजत नाही. १९३३ साली त्यांनी अशा जोड्यांचा एक मोठा अहवाल काढला. इंग्रजीत त्या जोड्यांना ‘कोलोकेशन’ म्हणतात. १९२४ साली क्यूशू बेटावरच्या ओइता गावी शिकवायला आलेला ए. एस. हॉर्नबी नावाचा तरुण पुढे या कामात सामील झाला. हॉर्नबी, गेटनबी आणि वेकफिल्ड या तिघांनी परदेशी विद्यार्थ्यासाठी कोश रचला. त्यात प्रत्येक क्रियापदाचं वाक्य कसं बांधायचं हे सांगण्यासाठी २५ साचे होते. कोणतं नाम मोजता येतं आणि कोणतं येत नाही, याची खूण होती. ‘इन्फर्मेशन्स’, ‘फर्निचर्स’, ‘अॅडव्हाइसेस’ लिहिणाऱ्या आपल्या पिढ्यांना ही खूण वेळेवर दिसली असती तर लाल शाईची बरीच बचत झाली असती!

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला. जपानमधले इंग्रज शत्रुपक्षाचे नागरिक ठरले, हॉर्नबी स्थानबद्ध झाले आणि १९४२ मध्ये मायदेशी पाठवले गेले. आणि त्याच १९४२ साली, इंग्लंडशी युद्ध पेटलेलं असताना, टोकियोच्या कैताकुशा या प्रकाशन संस्थेने तो इंग्रजी कोश छापून काढला. ऑक्सफर्डने १९४८ साली त्याचंच पुनर्मुद्रण केलं. पुढे त्याच्या नावात ‘अॅडव्हान्स्ड’ हा शब्द आला. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आणि प्राध्यापकांच्या टेबलांवर असलेला तो जाडजूड ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स कोश म्हणजे ओइता-टोकियोच्या वर्गांतून निघालेलं हे काम. ऑक्सफर्डचं नाव असलं तरी त्याचा जन्म तिथला नाही. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. एवढ्या मोठ्या इंग्लंडला स्वतःच्या भाषेतल्या शब्दांच्या जोड्यांकडे असं बघायला जपानी आणि बंगाली विद्यार्थ्यांच्या अडचणींनी भाग पाडलं.

इथे मला मोल्सवर्थची आठवण करून द्यायची आहे. जेम्स मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. तो कोश चाळताना एक गोष्ट बारकाईने पाहावी. अनेक नामांपुढे ‘व्ही’ असं इंग्रजी अक्षर देऊन तो मराठी क्रियापदं नोंदवतो: हे नाम ‘कर’ घेतं की ‘दे’, ‘ये’ घेतं की ‘लाग’, ‘पड’ घेतं की ‘धर’. म्हणजे शब्दांची संगत! पामरच्या अहवालाच्या शंभर वर्षं आधी. कारण सरळ आहे. मोल्सवर्थ बाहेरून मराठीत आला होता. मराठीत राग येतो, शंका येते, पण प्रश्न पडतो, विसर पडतो आणि चटक लागते, हे तुम्हा-आम्हाला कधी शिकावं लागलं नाही. त्याला एकेक वेचून शिकावं लागलं आणि त्याने ते लिहून ठेवलं. पुढे मोल्सवर्थने सुरू केलेला आणि टॉमस कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला. त्यानंतर आपल्या घराघरांत शिरले ते शब्दासमोर शब्द मांडणारे छोटे शालेय कोश. वीरकरांचा कोश न पाहिलेलं मराठी घर माझ्या पिढीत क्वचितच सापडेल. त्या कोशांनी मोठी सेवा केली, हे मी पूर्ण आदराने म्हणतो. पण मोल्सवर्थचा तो ‘व्ही’ त्यांच्यात राहिला नाही. अर्थ उरला, संगत गेली.

संगत गेली म्हणजे काय झालं ते पाहा. मराठीत ‘अट्टल’ हा शब्द घ्या. अट्टल चोर, अट्टल दारुडा, अट्टल बदमाश. अट्टल डॉक्टर कोणी म्हणत नाही. गायक पट्टीचा असतो, पोहणाराही पट्टीचा असतो, वकील निष्णात असतो, शत्रू कट्टर, मित्र जिवलग. या सगळ्या विशेषणांचा कोशातला अर्थ काढायला गेलात तर ‘पक्का’, ‘मोठा’, ‘मुरलेला’ याच्या आसपासच फिरेल. आता आपला विद्यार्थी इंग्रजी ‘इनव्हेटरेट’ हा शब्द शिकतो. समोर लिहिलेलं असतं: मुरलेला, जुना, पक्का. तो निबंधात लिहितो, भीमसेन जोशी हे ‘इनव्हेटरेट सिंगर’ होते. व्याकरण बिनचूक, अर्थ कोशाप्रमाणे, आणि तरी वाचणारा इंग्रज दचकेल. कारण ‘इनव्हेटरेट’ बहुधा खोटारड्याबरोबर, जुगाऱ्याबरोबर, न सुटणाऱ्या खोडीबरोबर फिरतो. पंडितजींसाठी ‘कॉन्समेट’ होता. तो कलावंताबरोबर शोभतो.

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी हाच विचार सिद्धांताच्या पातळीवर नेला: शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते. योगायोग असा की हे फर्थसुद्धा १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांच्या परंपरेतले जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅममध्ये हे काम संगणकावर घातलं. छापील आणि बोललेल्या इंग्रजीचे सुमारे २ कोटी शब्द गोळा करून त्यांच्या आधारावर १९८७ साली कोबिल्ड हा कोश निघाला. या कोशात अर्थ पूर्ण वाक्यात सांगितलेला असतो, वर्गात मास्तर सांगतात तसा. त्या संगणकाने इंग्रजांनाही माहीत नसलेल्या गोष्टी उघड केल्या. ‘सेट इन’ हे अगदी निरुपद्रवी दिसणारं क्रियापद. पण काय ‘सेट इन’ होतं? कूज, निराशा, ऱ्हास, जंतुसंसर्ग. आनंद जवळपास कधीच नाही. ‘कॉज’ या क्रियापदाचं तेच. अपघात, नुकसान, त्रास, मृत्यू हे त्याचे नेहमीचे सोबती. म्हणून ‘माझ्या शिक्षकांनी माझं यश कॉज केलं’ असं लिहिलं की इंग्रजी कानाला ते आरोपासारखं ऐकू येतं. तुमच्यापैकी ज्यांना ‘कॉज’ हा शब्द सहावीत आला, त्यांनी तो आज पुन्हा शिकायला हरकत नाही. प्रगत शब्दसंग्रहाचा मोठा भाग अशा जुन्या ओळखीच्या शब्दांत दडलेला आहे.

आता मुलं विचारतील, सर, हे सगळं खरं, पण परीक्षेत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द विचारतात त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंधांचे प्रश्न ऑगस्ट २०११ पासून काढून टाकले गेले. शब्द संदर्भात ओळखायचा, अशी रचना आली. पण आपल्याकडच्या नोकरभरतीच्या परीक्षांत हे प्रश्न अजून जोरात आहेत. तेव्हा याद्या करायच्या असतील तर करा, पण दोन गोष्टी पाळा.

पहिली गोष्ट, समानार्थी शब्दांचा गठ्ठा एका दमात शिकू नका. ‘गॅर्युलस’, ‘लोक्वेशस’, ‘व्होल्युबल’, ‘व्हर्बोस’ आणि समोर एकच अर्थ, बडबड्या. असे गठ्ठे बांधणारी पुस्तकं फार खपतात. टिंकम यांनी १९९३ साली आणि वॉरिंग यांनी १९९७ साली प्रयोग करून दाखवलं की एकाच गटातले शब्द, उदाहरणार्थ कपड्यांची नावं, एकत्र शिकवली तर ती एकमेकांत मिसळतात आणि असंबद्ध शब्दांपेक्षा उशिरा लक्षात राहतात. लग्नाच्या मांडवात एकदम भेटलेले चार चुलतभाऊ पुढे रस्त्यात दिसले की कोण कोणता हे आठवत नाही, तशी गत होते. आधी एकाची नीट गाठ घ्या. ‘व्हर्बोस’ बहुधा लिखाणाबद्दल आणि लांबलचक भाषणाबद्दल येतो, आजच्या वक्त्यालाही लावता येईल. तो पक्का झाला की मग ‘गॅर्युलस’ला भेटा. क्षुल्लक गोष्टींबद्दल अखंड बोलत राहणारा तो माणूस तुमच्या गल्लीत असेलच.

दुसरी गोष्ट, वाचणं आणि आठवणं यांत फरक करा. कार्पिक आणि रोडिगर यांनी २००८ साली अमेरिकन विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ शिकवले. एकदा बरोबर आलेला शब्दही ज्यांच्याकडून पुन्हा पुन्हा आठवून घेतला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आले. ज्यांना तो आठवायला न लावता नुसता पुन्हा वाचायला दिला, त्यांना साधारण एक तृतीयांश आले. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल असं आधी विचारलं तेव्हा सगळ्या गटांचे अंदाज सारखेच, निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे वहीवरून डोळे फिरवताना जी खात्री वाटते ती फसवी असते. म्हणून अर्थ झाकून ठेवायचा आणि स्वतःला विचारायचं. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली यासाठी कार्डांची पेटी सुचवली होती. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा उलटलं जातं. चुकलं की पहिल्या कप्प्यात परत. आजची मोबाइलवरची बरीच अॅप याच तत्त्वावर चालतात. बुटाचं रिकामं खोकंही चालेल. पण कार्डावर सुटा शब्द नको. तो जिथे भेटला ते वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रेघ ओढा.

संस्कृत शिकलेल्यांना एक सवलत आहे, तीही सांगतो. शाळेत आपण ‘हृ’ धातू शिकलो: आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार. उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. लॅटिनमध्ये ‘ड्यूकेरे’, म्हणजे नेणे, या धातूचं तसंच झालं: ‘इंड्यूस’, ‘डिड्यूस’, ‘रिड्यूस’, ‘प्रोड्यूस’, ‘सिड्यूस’. ही नजर असलेला मराठी विद्यार्थी लॅटिन-ग्रीक घडणीचे इंग्रजी शब्द लवकर पकडतो. नॉर्मन लुइस यांचं १९४९ सालचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ याच वाटेने जातं आणि पानोपानी स्वतःची परीक्षा घ्यायला लावतं, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं आहे. धातूच्या नादी फार लागू मात्र नये. ‘नाइस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ अडाणी असा होता. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवायला गेलात तर यजमानीणबाईंच्या स्वयंपाकाला अडाणी म्हणाल.

राहिला शब्दाच्या दर्जाचा प्रश्न. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि घरच्या इंग्रजीवर दरबारी फ्रेंच आली; विद्वानांची लॅटिन होतीच. म्हणून एकाच गोष्टीला तीन थर: ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरोगेट’. पहिला घरातला. तिसऱ्याला पोलीस ठाण्याचा वास येतो. आपल्याकडे हे सांगावंच लागू नये. आई सांगते, साहेब फर्मावतात, शिष्टमंडळ निवेदन करतं. ‘आईने मला दूध आणायचं फर्मावलं’ असं कोणी म्हटलं की आपण हसतो, कारण घरचा, फारसी आणि संस्कृत असे तिन्ही थर आपल्या कानात आहेत. इंग्रजी लिहिताना मात्र आपण प्रत्येक ठिकाणी सर्वांत लांब शब्द उचलतो. अर्जात ‘स्टार्ट’ चालत नाही, ‘कमेन्स’ लागतो. ‘आस्क’ चालत नाही, ‘एन्क्वायर’ लागतो. कचेरीच्या इंग्रजीने लावलेली ही सवय आहे. ब्रिटिश सरकारने आपल्या कारकुनांसाठी अर्नेस्ट गॉवर्स यांच्याकडून साध्या शब्दांचं पुस्तक १९४८ सालीच लिहून घेतलं. त्यांनी आपल्या कचेऱ्या सुधारायला घेतल्या आणि त्यांची जुनी भाषा आपण जपून ठेवली. ‘गॅर्युलस’ वाचताना समजला की पुरे. तो पत्रात वापरलाच पाहिजे असं नाही. ओळखायचे शब्द आणि वापरायचे शब्द या दोन वेगळ्या वह्या आहेत आणि पहिली वही नेहमीच जाड असते.

मग हे नऊ हजार शब्द येणार कुठून? कार्डांनी हजार-दोन हजार येतील. बाकीचे वाचनातूनच येतात, आणि तेही एका भेटीत येत नाहीत. स्टुअर्ट वेब यांनी २००७ साली जपानी विद्यार्थ्यांना नवे शब्द एकदा, तीनदा, सातदा आणि दहादा भेटवून पाहिले. दहा भेटींनंतरही ओळख पूर्ण झालेली नव्हती. आता हिशेब करा: दहाहून जास्त भेटी घडायच्या तर किती पानं वाचावी लागतील? आणि ती पानं अशी हवीत की ज्यांत शंभरांतले ९८ शब्द आधीच ओळखीचे आहेत. दहावीच्या मुलाच्या हातात थेट डिकन्स दिला तर पन्नासांत एक सोडा, दहांत एक शब्द अडतो. तो पुस्तक मिटतो आणि इंग्रजी आपलं नाही असं ठरवून मोकळा होतो.

यावर उपाय वेस्टच्या वाचनमालेपासून चालत आलेला आहे: पायरीपायरीची पुस्तकं. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालेत पहिल्या पायरीला ४०० मूळ शब्द असतात, दुसरीला ७००, तिसरीला १,०००, आणि सहाव्या पायरीला २,५००. तेच डिकन्स, तेच शेरलॉक होम्स, पण मुलाच्या मापाचं. आमच्या क्षेत्रातली काही विद्वान मंडळी अशा पुस्तकांकडे नाक मुरडून बघतात. मूळ कलाकृतीची नासधूस झाली म्हणतात. माझं मत विचाराल तर, शंभर पानांचा सोपा होम्स वाचून संपवलेला मुलगा मूळ होम्सच्या दारापर्यंत पोहोचतो, आणि मूळ होम्सच्या तिसऱ्या पानावर थांबलेला मुलगा कुठेच पोहोचत नाही.

शेवटी दोन विनंत्या करतो आणि थांबतो. पहिली या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला. स्पर्धा परीक्षांच्या कपाटासाठी दरवर्षी पैसे निघतात. त्यांतून एका वर्षी पायरीपायरीच्या इंग्रजी पुस्तकांचा एक संच घ्या आणि एक हॉर्नबीचा कोश. ती पुस्तकं कुलपात ठेवू नका, मुलांना घरी न्यायला द्या. दुसरी विनंती सभागृहातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना. मराठी मुलं इंग्रजी शब्दांच्या जोड्या कुठे चुकवतात हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही, ऑक्सफर्डलाही नाही. उत्तरपत्रिका तपासताना त्या जोड्या एका वहीत उतरवून ठेवा. पाच शाळांच्या वह्या एकत्र आल्या तर मराठी विद्यार्थ्यासाठी संगत सांगणाऱ्या इंग्रजी-मराठी कोशाचा पहिला कच्चा खर्डा तयार होईल. तो तपासून द्यायचं काम मी आनंदाने करीन.